डिस्चार्जची फाइल अडते कुठे? आरएफआयडीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो, त्याच आरएफआयडी तंत्रावर, म्हणजे रेडिओ लहरींनी टॅग दुरून वाचण्याच्या तंत्रावर, आम्ही पुण्यातल्या एका रुग्णालयात काम केलं. बॅटरी नसलेला पॅसिव्ह टॅग आणि 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालणारा रीडर. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी सोडू’ म्हणतात आणि पेशंट संध्याकाळपर्यंत कॉटवरच असतो. मधले तास जातात कुठे, ते शोधायचं होतं.

इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंट करून आलेल्यांना आधी पेशंटच्या मनगटालाच टॅग बांधावासा वाटतो. डिस्चार्जच्या अभ्यासात त्याचा उपयोग नाही, कारण पेशंट जागचा हलतच नाही. फिरते ती फाइल: वॉर्ड, फार्मसी, बिलिंग, मेडिक्लेमचे दावे हाताळणारा टीपीए डेस्क, पुन्हा वॉर्ड. टॅग फाइललाच लावा.

तो फाइलवर नेमका कुठे चिकटवायचा, यावर भरपूर वेळ द्या. लोखंडी क्लिपजवळ तो धड वाचला जात नाही, धातूवरून लहरी परततात. कुणी फाइल छातीशी कवटाळून गेलं तरी नोंद हुकते, कारण शरीरातलं पाणी लहरी शोषून घेतं. क्लिपपासून लांब, वरच्या कोपऱ्यात लावल्यावर आमचं जमलं. शेजारशेजारच्या दोन दारांवरचे रीडर एकच फाइल पकडू लागले, तर पॉवर कमी करून पाहा.

फाइल कुठे आणि किती वेळ होती, एवढंच टॅग सांगतो. आमच्या नोंदींत ती नर्सिंग काउंटरवर पडून दिसायची. तेवढ्यावर सिस्टरांना दोष देणं अन्यायाचं झालं असतं. तिथे उभं राहिल्यावर कळलं, की डिस्चार्ज समरी टाइप होऊन तयार असायची, पण बिलिंग खालच्या मजल्यावर आणि वॉर्डात फाइली नेणारे वॉर्डबॉय मामा एकटेच. चार-पाच फाइली साठल्या की ते एकदम घेऊन जात. एकट्या माणसाने दुसरं काय करावं? मग फेऱ्यांच्या वेळा ठरवल्या, आणि उरलेली औषधं परत करायचं काम फाइलसाठी न थांबता राउंड संपताच सुरू झालं.

एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. टॅगमध्ये फक्त क्रमांक ठेवा. नाव, आजार काही नको. 2023चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदाही वाचून ठेवा. कर्मचाऱ्यांच्या हालचाली नावानिशी नोंदवूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. मामा-मावशींना ती पाळत वाटते, आणि त्यांचं वाटणं रास्तच आहे.

एक्सेल आणि डेटाबेसमधून नोंदी काढायला थोडं एसक्यूएल सुरुवातीला पुरतं. रीडरच्या खर्चाची फाइल पुढे सरकवण्याआधी मात्र घड्याळ आणि वही घेऊन एका फाइलच्या मागे सकाळपासून तिचा पेशंट घरी जाईपर्यंत फिरा. रीडर कोणत्या दारांवर लावायचे, हे त्यातूनच ठरतं.