सिडनीच्या वेस्टमीडला नवीन आलात? मग हे पण माहीत असू द्या

टीएफएन (टॅक्सचा नंबर), मेडिकेअर (सरकारी आरोग्यसेवा), भाड्याचं घर, बॉन्ड (घराचं डिपॉझिट) हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी सांगेलच, डाळ-तांदूळ हॅरिस पार्कात मिळतात, त्यामुळे त्यावर मी लिहीत बसत नाही.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी लंचला कोणीतरी सहज म्हणेल, माझी खापरपणजी आयरिश कन्व्हिक्ट होती (म्हणजे इंग्रजांनी शिक्षा म्हणून जहाजात घालून इकडे पाठवलेली कैदी). हसू नका, आणि अरेरे पण म्हणू नका. मी दोन्ही केलंय (आधी हसले, मग अरेरे), लई ओशाळल्यासारखं झालं. आपल्याकडे घरात कोणी जेलात गेलं तर तीन पिढ्या त्याचं नाव काढत नाहीत, इथे लोक कौतुकाने सांगतात. तुम्ही फक्त विचारा, कुठल्या जहाजाने आली? मग बघा, लंच संपतो पण गोष्ट संपत नाही.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, या कन्व्हिक्टांचं काळं पाणी म्हणजे आपण पीआर (कायमचं राहायची परवानगी) घेऊन येतो तीच ही जागा. आयर्लंडहून थेट पहिलं जहाज 'क्वीन', कॉर्कहून निघून १७९१ मध्ये सिडनीला लागलं. बायकांचा गुन्हा बहुतेक वेळा चोरीचा, कपडे नाहीतर खायचं काहीतरी, आणि शिक्षा बरेचदा ७ वर्षं. पण सात वर्षांनी सुटली तरी परतीचं भाडं तिनेच भरायचं, ते कुठून आणणार, त्यामुळे बहुतेक जणी कायमच्याच इथल्या झाल्या.

पॅरामॅटाची फीमेल फॅक्टरी (या कैदी बायकांना ठेवायची, कामाला लावायची जागा) वेस्टमीडवरून चालत जाण्यासारखी आहे, एकदा जाऊन या. १८२१ ला सुरू झाली, बांधणारा आर्किटेक्ट ग्रीनवे स्वतःच कन्व्हिक्ट. जिला कोणी घरकामाला नेलं नाही ती इथे, सूत कातायचं, कापड विणायचं. गरोदर राहिली की परत इथेच, मूल जरा मोठं झालं की काढून ऑर्फन स्कूलला. लग्न करायचं तर सरकारची परवानगी. चुकलं तर शिक्षा म्हणून केस भादरायचे. पण गरीब गाई नव्हत्या हं त्या, ऑक्टोबर १८२७ मध्ये पाव-साखर कमी केली तर दार फोडून गावात घुसल्या आणि ओच्यात पाव-मटण भरूनच परत आल्या, मागे सैनिक होते तरी!

पोरांना शाळेत कन्व्हिक्टचं प्रोजेक्ट मिळालं तर न्यू साऊथ वेल्सच्या अर्काइव्हमधले इंडेंट (जहाजावरच्या कैद्यांच्या याद्या) बघा, बऱ्याच याद्यांत उंची, केसांचा रंग, अंगावरचे व्रण, गाव असं लिहिलेलं असतं. आयर्लंडकडची या कैद्यांची १८३६ आधीची रजिस्टरं १९२२ च्या डब्लिनच्या आगीत गेली, तिकडे शोधत बसू नका.

आणि हो, फॅक्टरी बघायला जाताना नदीकाठच्या झाडांवर वटवाघळं लटकलेली असतात, शेकड्यांनी. फोटो लांबूनच काढा, खाली उभं राहून नको.