लॉकर रूममधील रॅगिंग: ओळख, नोंद आणि तक्रार

एनएफएल या ‘अमेरिकन फुटबॉल’च्या व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या वर्षाच्या खेळाडूला ‘रूकी’ म्हणतात. रूकीने ज्येष्ठांचे खांद्याचे पॅड उचलावेत, सराव शिबिरात सर्वांसमोर गाणे म्हणावे, सहकाऱ्यांसाठी खाद्यपदार्थ आणावेत, ही तिथली जुनी रीत आहे. यातले बरेचसे निरुपद्रवी असते आणि अनेक खेळाडू पुढे ते हसत सांगतात. अडचण अशी की खरे रॅगिंगही याच रीतीचा आडोसा घेते, त्यामुळे ज्याच्यावर ते होते त्यालाही आपल्यावर अन्याय होतो आहे हे कळायला वेळ लागतो. पुढील मार्गदर्शन अशा खेळाडूसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. परंतु त्याच्या शेजारच्या लॉकरवाल्या सहकाऱ्याने आणि प्रशिक्षकानेही ते वाचावे, कारण त्रास थांबवण्याची ताकद बहुतेक वेळा या दोघांच्या हाती असते.

प्रथम ओळख. एखादी कृती थट्टा आहे की छळ, हे ठरवताना ती करणाऱ्याचा हेतू विचारू नये. हेतू प्रत्येक जण चांगलाच सांगतो. त्याऐवजी नकार दिल्यावर काय होते ते पाहावे. २०१० मध्ये डॅलस काउबॉइजच्या डेझ ब्रायंट या नवख्या खेळाडूने एका ज्येष्ठाचे पॅड उचलण्यास नकार दिला. पुढे त्याच हंगामात सहकाऱ्यांच्या जेवणाचे जवळपास ५५ हजार डॉलरचे बिल त्याला भरावे लागल्याच्या बातम्या आल्या. ब्रायंटला ते बिल परवडले असेल. पण ज्याचा करार केव्हाही रद्द होऊ शकतो, अशा सराव पथकातल्या मुलाला अशा बिलापुढे ‘नाही’ म्हणता येईल का, हा खरा प्रश्न आहे. दुसरी खूण म्हणजे त्रासाला शेवट असतो की नाही. रिवाज असेल तर तो सर्व रूकींना सारखा लागू होतो आणि पहिल्या हंगामाबरोबर संपतो. तोच एका माणसावर खिळून दुसऱ्या वर्षीही चालू राहिला, किंवा त्यात वंश, आई-बहीण, लैंगिकता यांचे उल्लेख येऊ लागले, तर पुढची चर्चा करण्याची गरज उरत नाही. आणि अंगाला हात लागला तर मुळीच नाही. १९९८ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या शिबिरात नवख्यांना दुतर्फा उभ्या असलेल्या ज्येष्ठांच्या रांगेतून जायला लावले होते, तेव्हा नाण्यांनी भरलेल्या मोज्याच्या माराने कॅम क्लीलंड या खेळाडूच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती.

मायामी डॉल्फिन्सचे प्रकरण मात्र सविस्तर समजून घ्यायला हवे, कारण छळ आतून कसा चालतो हे त्यात पुराव्यांसह दिसते. २८ ऑक्टोबर २०१३ रोजी जॉनथन मार्टिन हा आक्रमक फळीतला (चाल करताना प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या रांगेतला) खेळाडू जेवणाचे ताट घेऊन सहकाऱ्यांच्या टेबलाशी येऊन बसला आणि बसताक्षणी सगळे उठून निघून गेले. मार्टिनने ताट जमिनीवर आपटले आणि तो संघ सोडून गेला. बाहेरून पाहणाऱ्याला एवढ्याशा गोष्टीवरून एवढा मोठा माणूस का चिडला हे कळणार नाही. पण त्यामागे दीड वर्षाचा हिशेब होता. लीगने नेमलेले वकील टेड वेल्स यांचा १४४ पानी अहवाल १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच फळीतला रिची इन्कॉग्निटो आणि आणखी दोन सहकारी मार्टिनचा, आणखी एका तरुण खेळाडूचा आणि एका सहायक ट्रेनरचा सातत्याने छळ करत होते, असा निष्कर्ष त्यात आहे.

या अहवालातल्या तीन गोष्टी प्रत्येक संघाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे आक्रमक फळीची दंडाची वही. सहकाऱ्यांना दंड लावून पैसे जमवण्याची ही पद्धत वरवर खेळीमेळीची वाटते. पण मार्टिन निघून गेल्यावर त्याला ‘मोडल्याबद्दल’ इन्कॉग्निटोने त्याच वहीत स्वतःच्या नावावर दंड मांडला होता, आणि चौकशीची चाहूल लागताच वही नष्ट करण्याचा निरोप सहकाऱ्याला पाठवला होता. दुसरी गोष्ट अशी की इन्कॉग्निटो हा संघाच्या खेळाडू नेतृत्व मंडळाचा सदस्य होता आणि फळीचे प्रशिक्षक जिम टर्नर यांना या वातावरणाची कल्पना होती. म्हणजे तक्रार ज्यांच्याकडे न्यायची, तेच या प्रकाराचा भाग होते. टर्नर यांना पुढे संघाने काढून टाकले. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मार्टिन आणि इन्कॉग्निटो एकमेकांना मित्रासारखे संदेश पाठवत असत, आणि त्यावरून अनेकांनी छळ झालाच नाही असे म्हटले. अहवालाने ते मान्य केले नाही. त्रास देणाऱ्याशी गोड वागून तो कमी होईल अशी आशा धरणे, हे सापडलेल्या माणसाचे नेहमीचे वागणे असते. म्हणून तुम्ही हसला होतात, पार्टीला गेला होतात, उलट शिवीही दिली होती, एवढ्याने तुमची तक्रार खोटी ठरत नाही.

आता नोंद. तक्रार करायची की नाही हे ठरलेले नसतानाच नोंद सुरू करावी, कारण नंतर आठवून लिहिलेले कमी धरले जाते. तारीख, वेळ, खोली, नेमके शब्द आणि कोण उपस्थित होते, एवढे त्याच दिवशी लिहावे. शब्द कितीही अश्लील असले तरी सौम्य करू नयेत. संदेश, व्हॉइसमेल, पैसे पाठवल्याच्या पावत्या यांच्या प्रती संघाने दिलेल्या फोनवर किंवा टॅबलेटवर न ठेवता स्वतःच्या खात्यावर ठेवाव्यात. मार्टिनने आईवडिलांना त्या काळात पाठवलेले संदेश चौकशीत उपयोगी पडले, तेव्हा घरच्यांनीही मुलाचे असे संदेश पुसू नयेत. चोरून ध्वनिमुद्रण करण्याआधी मात्र वकिलाला विचारावे: फ्लोरिडासारख्या राज्यात खासगी संभाषण सर्वांच्या संमतीविना मुद्रित करणे गुन्हा ठरू शकतो.

तक्रार आपल्याच फळीच्या प्रशिक्षकाकडून सुरू करावी, असा सल्ला बहुतेक जण देतात. मी तो देणार नाही, निदान तो प्रशिक्षक त्या थट्टेत हसताना दिसला असेल तर नक्कीच नाही. संघाचा खेळाडू कल्याण अधिकारी, मनुष्यबळ विभाग किंवा मुख्य प्रशिक्षक यांच्याकडे लेखी जावे आणि त्याच दिवशी एजंटला प्रत द्यावी. खेळाडू संघटनेकडे जाताना हे लक्षात असू द्यावे की आरोप झालेला खेळाडूही तिचाच सदस्य असतो आणि संघटनेला त्याचीही बाजू सांभाळावी लागते; म्हणून स्वतःचा वकील वेगळा असलेला बरा. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०१९ च्या करारानुसार प्रत्येक संघाकडे मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ असणे बंधनकारक आहे. झोप उडाली असेल, मैदानावर जाण्याआधी पोटात गोळा येत असेल, तर तक्रारीची वाट न पाहता आधी त्याला भेटावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर या तज्ज्ञाला भेटणे हेच पहिले काम.

कायद्याची मर्यादाही माहीत हवी. केवळ दादागिरी अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात बसत नाही. वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून झालेला छळ बसतो. त्याची तक्रार समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांत, आणि राज्यातही तसा कायदा व यंत्रणा असल्यास ३०० दिवसांत करावी लागते. हंगाम संपू द्या, मग बघू, असे म्हणत राहिल्यास ही मुदत सहज निघून जाते.

सहकाऱ्याने काय करावे? चहाडखोर ठरण्याची भीती लॉकर रूममध्ये खरी असते, तिला कमी लेखू नये. पण प्रत्येक वेळी जाहीर भांडण करावे लागत नाही. विनोद चालू असताना विषय बदलणे, नंतर त्रास देणाऱ्याला एकट्याला गाठून ‘हे आता पुरे’ म्हणणे आणि लक्ष्य झालेल्याला ‘मी पाहिले आहे, गरज पडली तर सांगेन’ असे शब्दांत सांगणे, एवढे ज्येष्ठाला सहज जमते. नवख्यापेक्षा ज्येष्ठाचे एक वाक्य तिथे फार जड असते.

प्रशिक्षकाने हंगामाच्या सुरुवातीलाच दंडाच्या वह्या मागून पाहाव्यात, रूकींच्या जेवणाच्या बिलावर मर्यादा घालावी आणि संघासोबत न जाणाऱ्याकडून सहलीचे पैसे घेण्यास बंदी करावी; मार्टिनने न केलेल्या लास व्हेगसच्या सहलीसाठी त्याच्याकडून पैसे घेण्यात आले होते. तक्रार आल्यावर तक्रारदाराला ‘थोडे दिवस घरी राहा’ असे सांगू नये, कारण त्याचा अर्थ खोलीतले सगळे एकच लावतात. हलवायचे असेल तर आरोप असलेल्याचे लॉकर हलवावे. त्यानंतर किमान दोन महिने दर आठवड्याला तक्रारदाराला एकट्याला भेटावे आणि ‘सगळे ठीक ना?’ असे न विचारता ‘या आठवड्यात जेवायला कोणाबरोबर बसलास?’ असे विचारावे.