भ्रंश तेलाला वाट देतो की अडवतो, हे कसे ठरवावे

भूगर्भाच्या नकाशावर भ्रंश, म्हणजे खडक तुटून त्याच्या दोन बाजू एकमेकींलगत सरकल्याची जागा, दिसला की तो तेल अडवतो का, असा प्रश्न लगेच विचारला जातो. परंतु तो संपूर्ण भ्रंशाला एकदाच विचारून भागत नाही. एकाच भ्रंशाचा खोलवरचा भाग तेलाला वर चढू देतो आणि वरचा भाग तेच तेल अडवून धरतो, असे घडू शकते. म्हणून भ्रंश तुकड्यातुकड्याने तपासावा.

सुरुवात काळापासून करावी. भ्रंश सरकत असताना खडकात भेगा उघडतात आणि त्यांतून तेल, वायू व पाणी वर चढते. हालचाल थांबली की त्याच भेगा कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ साचून बुजू लागतात. त्यामुळे उगम खडकात तेल केव्हा तयार झाले आणि भ्रंश केव्हा सरकला, हे दोन्ही काळ शेजारी ठेवून पाहावेत. साठा भरल्यानंतर भ्रंश पुन्हा सरकला असेल, तर तेल निसटल्याची शंका आधी घ्यावी.

त्यानंतर भ्रंशतलावर, म्हणजे खडक ज्या पृष्ठावर सरकले त्यावर, दोन्ही बाजूंचे थर रेखाटावेत. तेल धरणाऱ्या वालुकाश्मासमोर जाड शेल, म्हणजे चिकणमातीपासून झालेला घट्ट खडक, आला असेल, तर तेल आडवे पलीकडे जात नाही. वालुकाश्मासमोर वालुकाश्मच आला, तर भ्रंशपट्ट्यात किती चिकणमाती फासली गेली आहे, हे मोजावे लागते. त्यासाठी त्या बिंदूपुढून सरकून गेलेल्या शेल थरांच्या जाडीची बेरीज करून तिला भ्रंशाच्या पाताने, म्हणजे थर जितके वरखाली झाले त्या अंतराने, भागावे. समजा, पात ६० मीटर आहे आणि सरकून गेलेल्या भागात ५, ४ व ६ मीटर जाडीचे शेल थर आहेत. तर प्रमाण २५ टक्के येते. त्याच भ्रंशावर पुढे पात १०० मीटर झाला आणि शेलमध्ये केवळ १ मीटरची भर पडली, तर ते १६ टक्क्यांवर उतरते. साधारण १५ ते २० टक्क्यांच्या खाली गळतीची शक्यता वाढते, म्हणून पहिली जागा बंद आणि दुसरी संशयास्पद मानावी. पात भ्रंशाच्या टोकांकडे कमी होत जातो. एकाच छेदावरून निर्णय देणे मला धोक्याचे वाटते.

भ्रंशाने किती भार पेलायचा आहे, हेही पाहावे. तेलाची घनता घनमीटरला ८५० किलो आणि खाऱ्या पाण्याची १०३० किलो धरली, तर १०० मीटर उंचीचा तेलाचा स्तंभ माथ्याशी सुमारे १.८ बार जादा दाब देतो. तेवढ्याच उंचीचा, २०० किलो घनतेचा वायू मात्र सुमारे ८ बार दाब देतो. तेल धरून ठेवणाऱ्या भ्रंशातून वायू निसटू शकतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

शेलचे हे गणित वालुकाश्म आणि शेल यांच्या आलटून-पालटून आलेल्या थरांसाठी आहे. ते सरसकट लावू नये. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रातील खोदकाम-मंचावरून केलेल्या खोदकामात सापडलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचा मुख्य साठा चुनखडकात आहे. चुनखडकात भेगा, विरघळण्याने झालेल्या पोकळ्या आणि पुन्हा साचलेले कॅल्साइट यांवर बरेच काही अवलंबून असते, म्हणून तिथे विहिरीतून काढलेले खडकाचे नमुने अधिक भरवशाचे ठरतात.

अखेरीस अंदाज विहिरींवर ताडून पाहावा. उत्पादनापूर्वी भ्रंशाच्या दोन बाजूंना तेल आणि पाणी यांची सीमा वेगवेगळ्या खोलीवर असेल, तर भ्रंशाने दीर्घकाळ अडसर धरल्याचा तो सबळ संकेत असतो. एका बाजूने उत्पादन सुरू केल्यावर दुसरीकडील दाब उतरला नाही, तर उत्पादनाच्या काही वर्षांपुरता भ्रंश बंद आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. मंद गळतीने लाखो वर्षांत तेल पलीकडे गेलेच नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.