सर्पबचावाचं चित्रीकरण: कॅमेरा कुठे लावायचा, कधी बंद करायचा

सातारा-सांगली पट्ट्यात विषारी सापाच्या चित्रीकरणाची संधी बहुतेक वेळा एकाच प्रकारे येते. कुणाच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीत नाहीतर विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत साप निघतो, सर्पमित्राला फोन जातो आणि त्याच्या मागोमाग चॅनेलची गाडी निघते. चित्रीकरण करायचं ते याच प्रसंगाचं. शॉटसाठी म्हणून साप पकडणं किंवा आधी धरलेला साप बरणीत चार दिवस राखून ठेवणं हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये प्राणी पकडणं हेसुद्धा शिकारीतच धरलं आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग आणि घोणस पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत, म्हणजे शिक्षा किमान तीन वर्षं कैदेची. बत्तीस शिराळ्यातल्या नागपंचमीला जिवंत नागांचे खेळ उच्च न्यायालयाने बंद केले, ते याच कायद्याच्या आधारावर. मालिकेत साप हवा असेल तर रबरी साप आणि संगणकावरचं काम पुरेसं आहे. खरा साप त्यात आणूच नये.

वन विभागाकडे नोंद असलेला सर्पमित्रच सोबत घ्या आणि निघण्यापूर्वी वनपाल किंवा वनरक्षकाला कळवा. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. कोयना किंवा चांदोलीच्या संरक्षित क्षेत्रात चित्रीकरणाची वेगळी लेखी परवानगी लागते.

जागेवर माणसं कमीत कमी ठेवा: सर्पमित्र, त्याचा मदतनीस, कॅमेरामन आणि आवाजवाला. सूचना फक्त सर्पमित्राच्या. तो ‘थांब’ म्हणाला की कॅमेरा चालू असो वा नसो, सगळे जागच्या जागी थांबतात. गर्दी आवरायचं काम पोलीस पाटलांना किंवा गावातल्या एखाद्या वजनदार माणसाला आधीच सांगून ठेवा. सापापासून निदान पाच मीटरवर दोरी लावा. गर्दी पुढे सरकली की सापाची पळायची वाट बंद होते, आणि मग तो माणसाच्या पायांच्या दिशेनेच सुटतो.

सगळ्यात जास्त चुका कॅमेऱ्याच्या जागेत होतात. सर्पमित्राने पकडलेला साप सोडतानाचा शॉट घ्या: बरणीतून सुटलेला साप अंधार आणि आडोसा शोधतो. म्हणून बरणी आडवी ठेवायची, तोंड झुडपाकडे किंवा बांधाच्या कपारीकडे, आणि कॅमेरा बाजूला, तिरका. साप आणि आडोसा यांच्या मध्ये ट्रायपॉड लावला तर त्याच्या पायांची सावली हाच सापाला जवळचा आडोसा वाटतो आणि तो थेट तिकडेच येतो. लांबचं जवळ आणणारी 70-200 मिमीची लेन्स घेऊन तीन मीटरवर राहा. जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स इथे कामाची नाही, कारण ती माणसाला पुढे ओढते. झाकण काढण्याआधी सापाचं डोकं येईल तिथे सापाच्याच जाडीची दोरी टाकून फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) पक्का करा, मग दोरी काढून घ्या. झाकण हुकने (साप हाताळायच्या आकडीच्या काठीने), लांबूनच सरकवायचं. बाहेर आलेला साप बऱ्याचदा मिनिट-दोन मिनिटं थबकून जीभ लपलपवत अंदाज घेतो. सर्वात चांगला क्लोजअप तेव्हाच मिळतो, म्हणून कॅमेरा झाकण उघडण्याआधीच सुरू हवा.

प्रत्येक सापाची तऱ्हा वेगळी. नाग समोरच्या हालचालीवर फणा काढतो आणि उभारलेल्या उंचीतून पुढे-खाली वार करतो. उभारलेला भाग साधारण अंगाच्या एक तृतीयांश असतो, त्यावरून त्याची पोहोच कळते. फणा एकदा मिळाला की पुरे. तो खाली बसला म्हणजे दमला; पुन्हा डिवचून उभा करायचा नाही.

घोणस वेगळी. वेटोळं घालून ती कुकरच्या वाफेसारखा लांब फुत्कार टाकते आणि अंग जमिनीवरून उचलून विजेसारखी झेप घेते, कधी बाजूलाही. ती सुस्त पडलेली दिसते म्हणून फसगत होते. त्यातून अजगराचं पिल्लू समजून तिला हात घालणारेही निघतात. पाठीवरच्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, साखळीसारख्या, नीट पाहून घ्या. घोणस पिल्लंच घालते, बहुतेक उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर. त्या दिवसांत उसाच्या पाचटात एक दिसली तर आणखी असतीलच असं धरून चाला. वीतभर पिल्लूही जन्मापासून विषारी असतं.

मण्यार दिवसा डोकं अंगाखाली दडवून पडते, रात्री मात्र तिच्यावर भरवसा नाही. बिनविषारी कवड्याशी तिची गल्लत होते. मण्यारचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक असतात आणि मानेकडे विरत जातात, कवड्याचं उलट. लांबून खात्री झाली नाही तर ती मण्यारच समजा. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर दगडाखाली फुरसं मिळतं. ते हातभर लांबीचंही नसतं, पण अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. हा आवाज बूम माइक दोन मीटरवरून सहज पकडतो.

हुक मीटर ते सव्वा मीटर लांब, टोक गोल. चिमट्याने जोरात दाबलं तर बरगड्या मोडतात आणि साप नंतर झाडीत जाऊन मरतो, चित्रफितीत ते दिसत नाही. पिशवीत भरताना चार इंची पीव्हीसी पाइप पिशवीच्या तोंडाला बांधून साप त्यातून आपणहून जाऊ द्यायचा. भरलेली पिशवी अंगाला लावून धरू नका, दात कापडातून आरपार येतात. दंश बहुतेक याच टप्प्यावर होतात, त्यामुळे ‘एकदा परत दाखवा’ हे वाक्य इथे कुणीही उच्चारायचं नाही.

ऊन माणसापेक्षा सापाला लवकर मारतं. एप्रिल-मेच्या दुपारी काळ्या कातळावर तळहात दहा सेकंद टेकवून बघा. हात टिकला नाही तर तिथे साप ठेवायचा नाही. काम सकाळी, सावलीत, दहा मिनिटांच्या आत संपवा. डोळे दुधाळ झालेला, म्हणजे कात टाकायला आलेला साप नीट पाहू शकत नाही. पोट फुगलेला साप हाताळला तर गिळलेलं ओकून टाकतो. दोघांनाही ताबडतोब सोडा. बरणी गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका.

दंश झालाच तर? निघण्यापूर्वीच फोन करून विचारा की जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचं औषध) आहे आणि व्हेंटिलेटर आहे. सुरुवातीचा डोसच 8 ते 10 व्हायलचा (कुप्यांचा) असतो, एक-दोन व्हायलवर भागत नाही. नाग आणि मण्यारच्या विषाने श्वास थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर. घड्याळ, अंगठी काढा, हातपाय फळी बांधून हलू देऊ नका, 108 लावा. चिरणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी, काहीही नको. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: भारतात मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं आहे. कोयनेच्या जंगलातल्या हिरव्या चापड्यावर, म्हणजे झाडावर राहणाऱ्या विषारी सापावर, ते लागू पडत नाही. त्यामुळे चापडा फांदीवर दिसला तर फांदीवरच टिपा, हुकही लावू नका.

सोडताना साप पकडल्या जागेच्या जवळपासच, माणसांची वर्दळ नसलेल्या आडोशात सोडायचा. लांब नेलेल्या सापाला बीळ, पाणी, भक्ष्य काहीच ठाऊक नसतं. शेपूट गवतात दिसेनाशी होईपर्यंत कॅमेरा हलवू नका. मग ट्रायपॉड आहे तिथेच ठेवून माणसं दहा मिनिटं मागे थांबवा आणि तेवढ्यात वन विभागाच्या नोंदीत सापाची जात, जागा, वेळ लिहून घ्या.