आईच्या पायांना स्पर्श कळतो का, हे घरीच कसं बघायचं

मारुतीच्या देवळातून आई परत आली ती एकाच पायात चप्पल घेऊन. दुसरी वाटेत कुठं निसटली, तिला पत्ताच नाही. आम्ही बेळगावातल्या वडगावचे. आईची सगळी उमर मागावर गेली. तुटलेली तार न बघता बोटांनी सांधणारी बाई, आणि पायातली चप्पल गेलेली कळू नये? शुगर मात्र तिला बरीच वर्षं आहे, आणि शुगरनं पायांचे मज्जातंतू बिघडू शकतात. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तिचे पाय तपासते. पाच मिनिटांचं काम.

आईला पलंगावर पाय पसरून झोपवायचं, डोळे मिटायला लावायचे. आपल्या तर्जनीचं टोक तिच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अलगद टेकवायचं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, चोळायचं नाही. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा जागा, त्याही उलटसुलट क्रमानं. कळलं की तिनं नुसतं "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. एखादी जागा हुकली तर तिथं परत हात लावायचा नाही. सहापैकी दोन किंवा जास्त हुकल्या तर डॉक्टरांना दाखवायचं.

पहिल्या खेपेला मी दर वेळी "कळतंय का?" विचारत होते आणि ती "व्हय की" म्हणत होती. शेवटी बोट न लावताच विचारलं. तरी "व्हय की!" आता मी तोंड मिटून तपासते.

दाबायचं का नाही? कातडीत संवेदना टिपणारी बारीक टोकं असतात, त्यांना ग्राहक म्हणतात. त्यातले हलका स्पर्श टिपणारे माइस्नर ग्राहक कातडीत अगदी वर असतात. दाब दिला की खोलवरचेही जागे होतात आणि परीक्षा फुकट जाते. माइस्नर फक्त बदल सांगतात, म्हणून जोडव्यांची दिवसभर आठवण होत नाही. वस्तूची कड, टेकून राहिलेला दाब हे मर्केल पेशींचं काम. आणि कांद्यासारखे पापुद्रे असलेले पॅसिनियन थरथर ओळखतात. शेजारच्या घरात माग सुरू झाला की फरशीतून तळव्याला कळतं ते त्यांच्यामुळं. डॉक्टर १२८ हर्ट्झचा नादकाटा, म्हणजे ठोकला की थरथरणारा दोन पात्यांचा काटा, अंगठ्याला टेकवतात, तो ही थरथर बघायलाच.

वेदना मात्र घरी टाचणी टोचून बघू नका. जखम झाली तर तीच कळायची नाही. वेदना टिपणारी असतात मज्जातंतूंची उघडी टोकं. संकेश्वरी मिरचीची देठं मोडली की हात भगभगतात, पण हात तापलेला नसतो. या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक दार आहे. ते ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतं, आणि मिरचीतलं कॅप्सेसिनही तेच दार उघडतं. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांनी हे १९९७ मध्ये दाखवलं, २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आई म्हणते, "पाय जळत्यात म्हणजे जित्ते हायत की." तसं नसतं. बिघडलेला मज्जातंतू काही न लागताही जळजळ कळवत राहतो, आणि त्याच पायाला कढत पाणी कळत नाही. म्हणून आंघोळीच्या पाण्यात आधी माझं कोपर बुडतं, मग तिचा पाय.

आता पाय कुठं आहे हे पायाला कळतं का, ते. डोळे मिटलेलेच असू देत. पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरायचा. वरून-खालून धरलात तर तुमच्या बोटाचा दाबच उत्तर सांगून टाकतो. किंचित वर, किंचित खाली न्यायचा आणि विचारायचं, "वर की खाली?" स्नायूंत चातीच्या आकाराचे ग्राहक असतात, स्नायू किती ताणला ते तेच मोजतात. त्यांचा निरोप पोचेनासा झाला की माणूस डोळ्यांनी बघून चालतो. दिवसा हे लपून जातं. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो, तेव्हा उघडं पडतं. आईचा झोक गेला होता. तिनं भिंत धरली आणि आम्हाला सांगितलं नाही.

न्हाणीत आता धरायला दांडी आहे, रात्री वाटेवर छोटा दिवा आहे. रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांच्या बेचक्या मी बघते, तिला आरसा खाली ठेवून स्वतःलाही बघता येतं. चप्पल मागं पट्टा असलेली आणलीय. देवळाच्या दारात ती काढायला वेळ लागतो म्हणून तिची कुरकुर चालूच आहे.