म्हाताऱ्या झाडांच्या शेजारी मुक्काम

कॅलिफोर्नियात तंबू ठोकायचा म्हटलं की आपली मंडळी योसेमिटीकडे धावतात. आम्हीही धावायचो. आता दर ऑगस्टमध्ये आम्ही इन्यो नॅशनल फॉरेस्टमधल्या ग्रँडव्ह्यू कॅम्पग्राउंडला जातो. व्हाइट माउंटन्समध्ये, ८,६०० फुटांवर. पहिला येईल त्याची जागा, म्हणून शुक्रवारी दुपारपर्यंत पोचा.

तिथे नळ नाही, ओढाही नाही. माणशी रोज चार लिटर पाणी धरा, भांड्यांचं वेगळं. पाणी आणि पेट्रोल खाली बिग पाइन गावातच भरून घ्या. नकाशाही तिथेच फोनमध्ये उतरवून ठेवा, वर रेंज मिळत नाही.

पहिल्या वर्षी मी उघड्या पातेल्यात तूरडाळ लावली. या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे दीड तासानंतरही डाळ बोटाखाली टणक! आता छोटा कुकर नेते आणि मूगडाळ दुपारीच भिजत घालते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तर असतेच. भांडी विसळलेलं पाणी गाळून घ्या आणि खरकटं कचऱ्याच्या पिशवीत टाका. संत्र्याची सालंसुद्धा. ‘कुजतील की’ म्हणू नका, त्या कोरड्या हवेत काही लवकर कुजत नाही. रात्री खाणं गाडीत बंद. तंबूत खाकऱ्याचा तुकडा राहिला तरी उंदीर कापड कुरतडतात.

उन्हाळ्यात शेकोटीला बऱ्याचदा बंदी असते. निघण्याआधी बिशप गावातल्या रेंजर ऑफिसला फोन करून विचारा. परवानगी असली तरी घरचं सरपण नेऊ नका. त्यातून कीड इथल्या झाडांना लागते.

एक रात्र ग्रँडव्ह्यूला काढून मगच पाच मैल वर शुल्मन ग्रोव्हला जा. ते १०,००० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. घाई केलीत तर डोकं ठणकणारच. तिथली ब्रिसलकोन पाइनची झाडं पिळलेल्या धुण्यासारखी दिसतात. मेथुसेला नावाच्या झाडाचं वय वृक्षवलयांचे अभ्यासक एडमंड शुल्मन यांनी १९५७ मध्ये मोजलं. साडेचार हजारांहून जास्त वर्षं! ते नेमकं कुठलं, हे वनखातं सांगत नाही. बरंच करतं. नाहीतर त्यावर बदाम कोरणारे आपल्याकडे कमी आहेत का?

त्या वाटेवर माझ्या सासऱ्यांनी एक सुंदर वाळकं लाकूड उचललं. ‘देव्हाऱ्यात ठेवू, मेलेलंच तर आहे.’ मी म्हटलं, ‘बाबा, ते होतं तिथेच ठेवा.’ थंड, कोरड्या हवेत हे राळेचं लाकूड हजारो वर्षं टिकतं. त्याची वर्षागणिक पडलेली वलयं जिवंत झाडांच्या वलयांशी जुळवून शास्त्रज्ञांनी सुमारे नऊ हजार वर्षांची साखळी बांधली, आणि किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली जुन्या वस्तूंची वयं तिच्याशी ताडून पाहिली. बाबा हिशेबनीस होते. ‘म्हणजे खातेवहीचं पान फाडल्यासारखं,’ म्हणाले, आणि वाकून ते जागेवर ठेवलं. मग खिशातून आणखी एक छोटा तुकडा काढला.

तेव्हा मंडळी सोबत असतील तर गाडीत बसण्याआधी खिसे तपासा. आणि उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. आमच्या ब्रेकचा जळका वास बिग पाइनपर्यंत येत होता.