डिजिटल केसपेपरचं सरकारी प्रोत्साहन: मुंबईतल्या नर्सिंग होम आणि लॅबनं ते कसं मिळवायचं

सॉफ्टवेअर घेतलं म्हणून सरकार पैसे देत नाही. रुग्णाची नोंद त्याच्या आभा खात्याला (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, म्हणजे रुग्णाचं डिजिटल आरोग्य खातं) जोडली गेली, तर त्या जोडणीचे पैसे मिळतात. हे नीट न समजल्यामुळे अनेक ठिकाणी महागडं सॉफ्टवेअर येतं, रिसेप्शनवर क्यूआर कोड लागतो आणि महिन्याच्या शेवटी हिशेब शून्य निघतो.

योजनेचं नाव डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीम, म्हणजेच डीएचआयएस. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली (एबीडीएम) राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणानं ती १ जानेवारी २०२३ पासून लागू केली. तिची मुदत मध्ये वाढवली गेली आहे आणि नियमही बदलले आहेत, त्यामुळे खर्च करण्याआधी योजना अजून चालू आहे का ते बघा आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरची चालू मार्गदर्शिका वाचा. अमेरिकेनं २००९च्या कायद्यानं डॉक्टरांना असंच प्रोत्साहन दिलं आणि पुढे डिजिटल नोंदी न ठेवणाऱ्यांची मेडिकेअरची (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याची) रक्कम कापायला सुरुवात केली. आपल्याकडच्या या योजनेत तसा दंड नाही. आभा काढायचं की नाही हेही रुग्णाच्या मर्जीवर आहे.

आधी आपण कुठल्या खान्यात बसतो ते बघा. १० किंवा त्याहून जास्त खाटांचं रुग्णालय किंवा नर्सिंग होम असेल, तर दर महिन्याला खाटांच्या संख्येवर एक किमान आकडा ठरतो आणि त्यावरच्या प्रत्येक जोडणीला २० रुपये मिळतात. लॅबला तिच्या किमान आकड्यावरच्या प्रत्येक जोडणीला १५ रुपये. एका संस्थेला मिळणाऱ्या एकूण रकमेची कमाल मर्यादा ४ कोटी रुपये. किमान आकड्यावर १,५०० जोडण्या झाल्या, तर नर्सिंग होमचे महिन्याचे ३०,००० रुपये होतात. रुग्णालयाच्या प्रोत्साहनाच्या २५ टक्के इतकी रक्कम सॉफ्टवेअर कंपनीच्या वाट्याला येते, म्हणजे या उदाहरणात ७,५००.

दहापेक्षा कमी खाटांचा किंवा बिनखाटांचा दवाखाना असेल, तर डॉक्टरांच्या हाती थेट काही पडत नाही. तुमच्या दवाखान्यातल्या जोडण्यांवर सॉफ्टवेअर कंपनी कमावते. तेव्हा भाव ठरवताना हे तोंडावर सांगा आणि वार्षिक शुल्क कमी करून घ्या. सी-डॅक या सरकारी संस्थेचं छोट्या दवाखान्यांसाठीचं ई-सुश्रुत हे सॉफ्टवेअर पाहिल्याशिवाय खासगी कंपनीला होकार देऊ नये, असं आमचं मत.

किमान आकडा खाटांवर ठरत असल्यामुळे खाटा भरपूर आणि ओपीडी तुरळक अशा ठिकाणी पैसे अवघड जातात. गेल्या तीन महिन्यांची ओपीडी मोजा, त्यातले निम्मेच रुग्ण आभा देतील असं धरा आणि मगच आकडेमोड करा. नोंदणीत मोठेपणासाठी खाटा फुगवून लिहू नका. आकडा महापालिकेच्या नर्सिंग होम नोंदणी प्रमाणपत्राशी जुळला पाहिजे आणि वाढवलेली प्रत्येक खाट तुमचाच किमान आकडा वर नेते.

आता नोंदण्या. पहिली डॉक्टरांची, हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल, पदवी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची चालू नोंदणी लागते. इथे सगळ्यात जास्त अडतं ते नावावर: कौन्सिलकडे माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. कुठलं तरी एक आधी बदलून घ्या. या कामाला वेळ लागतो, म्हणून सॉफ्टवेअरची निवड चालू असतानाच ते सुरू करा. कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल, तर तेही आत्ताच.

दुसरी नोंदणी संस्थेची, हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत. मालकी, उपचारपद्धती, खाटा, वेळा, पत्ता, नकाशावरची खूण आणि पाटीचा फोटो भरावा लागतो. दादर-गिरगावच्या जुन्या इमारतींत एकाच जिन्यावर चार डॉक्टर असतात, म्हणून मजला आणि विंग प्रमाणपत्रावर जशी आहे तशीच लिहा. अर्ज भरला म्हणजे मंजूर झाला असं नाही. स्थिती मंजूर दिसेपर्यंत पाठपुरावा करा.

तिसरं काम बहुतेक जण विसरतात. मंजूर झालेल्या संस्थेला तुमचं सॉफ्टवेअर रजिस्ट्रीतच जोडावं लागतं. हे झालं नाही तर काउंटरवर सगळं सुरळीत दिसतं आणि नोंद मात्र कुठेच पोचत नाही. त्यानंतर डीएचआयएससाठी वेगळी नोंदणी आणि बँक तपशील. ही नोंदणी शेवटी ढकलू नका.

सॉफ्टवेअर कंपनीला 'तुम्ही एबीडीएमला जोडलेले आहात का' एवढंच विचारून भागत नाही. एम-१ टप्प्यात फक्त आभा काढणं आणि तपासणं होतं. नोंदी जोडण्याचं काम एम-२ मध्ये आणि रुग्णाच्या संमतीनं दुसरीकडच्या नोंदी पाहणं एम-३ मध्ये. तुम्हाला किमान एम-२ हवं, तेही प्रत्यक्ष यंत्रणेवर. सोपी तपासणी अशी: रुग्णाच्या आभा पत्त्याच्या (ईमेलसारख्या दिसणाऱ्या ओळखीच्या) शेवटी 'एबीडीएम' असायला हवं. तिथे 'एसबीएक्स' दिसलं, तर कंपनीनं तुम्हाला चाचणीच्या यंत्रणेवरच बसवलंय. नंतर स्वतःच्या आभावर एक ओपीडी नोंद टाका आणि ती आभा ॲपमध्ये उघडून बघा. प्रिस्क्रिप्शन उघडलं तर जोडणी खरी.

खरी लढाई काउंटरवर असते. रुग्ण ॲपमधून क्यूआर स्कॅन करतो, त्याचं नाव, वय आणि मोबाइल तुमच्या पडद्यावर येतं आणि टोकन मिळतं. मात्र टोकन दिलं म्हणजे नोंद जोडली गेली असं नव्हे. डॉक्टरांनी नोंद पूर्ण करून सेव्ह केली आणि ती भेट रुग्णाच्या आभाला जोडली, तरच काम झालं. कागदावर लिहून संध्याकाळी रिसेप्शनिस्टनं टाइप करायचं ठरवलं, तर पहिल्याच गर्दीच्या सोमवारी ते बंद पडतं. डॉक्टरांना टाइप करायचं नसेल, तर निदान, औषधं आणि पुढची तारीख एवढ्यासाठी तयार साचे बनवून घ्या.

ओटीपी न येणं ही रोजची कटकट. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत रेंज नसते, म्हणून आभाचं काउंटर दाराजवळ ठेवा. गावाहून आलेल्या अनेकांच्या आधारला जुना, बंद पडलेला नंबर असतो. त्यांना आधार केंद्रात नंबर बदलायला सांगा आणि आज आभाशिवाय केसपेपर काढा. आभा नाही म्हणून उपचार अडवायचे नाहीत. घरातल्या सगळ्यांचा एकच मोबाइल असेल, तर आईच्या खात्यात मुलाची नोंद जाण्याचा धोका असतो. मोबाइल नंबरवर विसंबू नका, जोडण्याआधी नाव आणि जन्मसाल मोठ्यानं वाचून खात्री करा. आभा कशासाठी हे दोन वाक्यांत सांगून संमती घ्या. न विचारता आधार क्रमांक टाकणं कुठल्याही प्रोत्साहनाच्या मोलाचं नाही.

लॅबची अडचण निराळी. नमुना कलेक्शन सेंटरवरून किंवा घरून येतो, मुख्य लॅबमध्ये रुग्ण कधी येतच नाही. म्हणून आभा नमुना घेतानाच घ्यायला हवं आणि ते बारकोडसोबत पुढे जायला हवं. रिपोर्ट तयार झाल्यावर फोन करून विचारणाऱ्यांचे आकडे वर चढत नाहीत.

दर शनिवारी तीन आकडे शेजारी ठेवा: ओपीडीतले रुग्ण, आभा दिलेले रुग्ण, प्रत्यक्ष जोडलेल्या नोंदी. पहिल्या दोहोंत तफावत असेल तर दोष काउंटरचा, दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर डॉक्टरांचा किंवा सॉफ्टवेअरचा. दावा तपासला जातो, त्यामुळे बनावट भेटी घालून आकडा फुगवायच्या भानगडीत पडू नका.

या रचनेत नोंदी दिल्लीतल्या एखाद्या सर्व्हरवर जात नाहीत. त्या तुमच्याकडे किंवा तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीकडेच राहतात आणि रुग्णानं संमती दिली की तिथून मागवल्या जातात. रात्री क्लिनिकचा पीसी बंद केला आणि सगळं त्याच्यावरच असलं, तर दुसऱ्या रुग्णालयात दाखल झालेल्या तुमच्या रुग्णाची नोंद उघडणार नाही. म्हणून सर्व्हर कायम चालू राहील अशी सोय हवी आणि रोजचा बॅकअप वेगळ्या जागी. आंतररुग्णांच्या नोंदी किमान ३ वर्षं जपणं आणि रुग्णानं मागितल्यास ७२ तासांत देणं हे डॉक्टरांवर तसंही बंधनकारक आहे.

कंपनी बदलताना जुन्या जोडण्या लटकतात, कारण नोंद पुरवणारं सॉफ्टवेअरच गेलेलं असतं. करारात आधीच लिहून घ्या: सोडताना सगळा डेटा एफएचआयआर (आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या प्रमाणित) स्वरूपात, निदान पीडीएफ आणि एक्सेलमध्ये, किती दिवसांत मिळणार, त्याचं शुल्क किती आणि नवी यंत्रणा सुरू होईपर्यंत जुनी चालू ठेवणार की नाही.